अण्णासाहेबांचं शिलाई मशीन

‘हात लावू नये’ ही पुठ्ठ्याची पाटी मशीनच्या चाकाला टांगलेली होती. ती काढून, स्टुलावर बुडाखाली घेऊन, एक म्हातारी त्याच मशीनवर उशीचे अभ्रे शिवत बसली होती.

मी दारात थांबलो. माझ्यामागून येणारी रुबीना माझ्या पाठीवर आदळली.

“काका, रस्त्यात काय थांबता?”

“वस्तुसंग्रहालयात वस्तू चालू आहे,” मी म्हणालो.

कोपऱ्यात पहारेकरी हात बांधून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर देवळात खुद्द देवालाच चोरी करताना पाहिल्यासारखा भाव होता.

“अहो, थांबवा की त्यांना,” रुबीना त्याला म्हणाली.

“कुणी थांबवायचं? आक्कासाहेब हाईत त्या, चेअरमनसायबांच्या आई.”

म्हातारीने मान वर केली नाही. शिवण संपेपर्यंत पाय चालवला, दोरा दाताने तोडला, आणि मग आमच्याकडे बघून विचारलं, “ह्या काचंच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडं हाय का? आतल्या दोन शाली पायजेल. जरीच्या नको, टोचतात. साध्या.”

अभ्रे कशाचे चालले होते, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

हे सगळं कुठे आणि का, ते आधी सांगायला हवं. उंबरसोंड नावाच्या, उसाच्या मळीचा वास कायमचा अंगाला लावून बसलेल्या गावात, सहकारमहर्षी कै. अण्णासाहेब थोरबोले यांचं स्मृतिदालन उभं राहत होतं. त्यांचे चिरंजीव रणधीरदादा कारखान्याचे चेअरमन होते, आणि निवडणूक तोंडावर होती. आमच्या शहरातल्या वस्तुसंग्रहालयशास्त्राच्या पदविकेला प्रत्यक्ष कामाचा प्रकल्प लागत असे. तो म्हणून हे दालन लावून देण्याचं काम माझ्या आणि रुबीनाच्या गळ्यात पडलं होतं.

रुबीना तांबोळी मिरजेची. वर्गात सगळ्यांत हुशार, आणि ते तिला माहीत होतं. काम चांगलं झालं तर दालनाची संग्रहपाल म्हणून तिलाच नेमू, असा शब्द दादांनी दिला होता. मी वर्गात सगळ्यांत म्हातारा. आयुष्यभर वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहिलं. ते संपादकांनी बंद केलं, आणि दिवसभर घरात बसून मी बायकोच्या स्वयंपाकावर लिहायला लागलो, तेव्हा तिनेच या पदविकेचा अर्ज आणून माझ्यापुढे ठेवला. ‘जुन्या वस्तूंत तुम्ही शोभाल,’ ती म्हणाली.

तर दालन. दालनात अण्णासाहेबांचा चष्मा होता, काठी होती, दुसरा चष्मा होता, पहिल्या काठीसारखीच दुसरी काठी होती. एका भिंतीला मानपत्रं. दुसऱ्या भिंतीला, जमिनीपासून छतापर्यंत, सत्कारात मिळालेली स्मृतिचिन्हं: काचेतले ताजमहाल, लाकडी बैलगाड्या, फायबरचे गरुड. तिसरीकडे काचेच्या कपाटांत शाली. नारळ तेवढे ठेवले नव्हते. आणि मधोमध, लाल गालिच्यावर, दोऱ्या लावून वेगळं केलेलं ते पायमशीन. खाली दादांनी स्वतः मंजूर केलेला मजकूर: ‘भूमिगत असताना अण्णासाहेबांनी स्वातंत्र्यसैनिकांसाठी याच मशीनवर स्वहस्ते हजारो टोप्या शिवल्या.’

भूमिगत माणसांना हजारो पांढऱ्या टोप्या कशाला लागतात, हा प्रश्न उंबरसोंडमध्ये कोणी विचारला नव्हता.

रुबीनाने वही काढली आणि म्हातारीसमोर जमिनीवर बसली. “आक्कासाहेब, अण्णासाहेब टोप्या कशा शिवायचे हो? सुरुवातीला अवघड गेलं असेल.”

आक्कासाहेबांनी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. आम्ही कितपत मूर्ख आहोत, याचा अंदाज घेतला.

“त्यांना सुईत दोरा घालायला येत नव्हता,” त्या म्हणाल्या. “सदऱ्याचं बटण तुटलं की दुसरा सदरा घालायचे.”

“मग टोप्या?”

“म्या शिवल्या. टोप्या, चोळ्या, झबली, लोकांचे लेंगे. हे तुरुंगात आन् सासरा माझ्याशी बोलंना. प्वारं काय खाणार? टोप्या?” त्यांनी अभ्रा झटकला. “ते ऱ्हाऊ दे. तुम्ही मोठ्या शाळेतनं आलाय न्हवं? मग माझं एक काम करा. हे मशीन माझं मला परत द्या. रणध्यानं मला न इचारता उचलून आणलंय. मी देवाला गेलते तवा.”

“तुम्ही रोज येता शिवायला?” मी विचारलं.

“यायला लागतंय. मशीन बंद ऱ्हायलं की जाम होतंय. मला ते चालू पायजे.”

“घरी दुसरं नाही?”

“रणध्यानं इजेवरचं आणून दिलंय. ते माझं न्हाई.” त्या उठल्या, पाटी उचलून पुन्हा चाकाला टांगली आणि हाताने सरळ केली. “त्या घरात माझी म्हणावी अशी एवढीच एक वस्तू. बाकी समदं त्यांच्या नावावर. मी सुदिक.”

गाडीत रुबीनाने वही पुन्हा चाळली. मग म्हणाली, “काका, आपल्याला सोनं सापडलंय.”

“वर्गबंधूला काका म्हणू नये.”

“मग काय म्हणू? अरे?”

मी काका राहणं पत्करलं.

सोनं कसलं, तर टिपणीस मॅडमचं. डॉ. टिपणीस आम्हाला शिकवायच्या. जाड चष्मा, खादीचा कुर्ता, आणि वर्गात येताच फळ्यावर तीन प्रश्न. ही वस्तू कोणाची? ती इथे कशी आली? तिच्याबद्दल कोणाला बोलू दिलेलं नाही? ‘संग्रहालय म्हणजे वस्तूंचं गोदाम नव्हे,’ त्या म्हणायच्या, ‘ते सत्तेचं गोदाम आहे.’ वर्गात सगळे हे लिहून घेत. मीही घेतलं होतं. खाली ‘पंखा बंद आहे’ असंही लिहिलं होतं.

मॅडमना मशीनची हकीगत सांगितली तेव्हा त्या खुर्चीतून उठल्याच. “अरे, हे तर अभ्यासक्रमातलं उदाहरण आहे! स्त्रीचे श्रम, पुरुषाचं स्मारक! मजकूर बदला. तिचं नाव तिथे आलंच पाहिजे. तिचा आवाज ध्वनिमुद्रित करा. मशीनशेजारी बटण लावा, दाबलं की त्या बोलतील.”

मग आम्ही दादांकडे गेलो. रणधीरदादा मोठे मोकळे माणूस. कुठलीही गोष्ट मोकळेपणाने नाकारायचे.

“ताई, मॅडम, काय बोलताय तुम्ही?” ते रुबीनाला म्हणाले. “अण्णांच्या टोप्यांवर शाळेत धडे वाचले जातात. स्मरणिकेत आहे. मी प्रत्येक सभेत सांगतो. आता लोकांना सांगू, की टोप्या आईसाहेबांनी शिवल्या?”

“खरं तेच आहे, दादा.”

“खरं असू द्या की! खऱ्याला कोण नको म्हणतंय? पण त्याला काही रीत असती.”

त्यानंतर आठवडाभर जी घासाघीस झाली, तशी मी भाजी मंडईतही पाहिलेली नाही. रुबीना एक शब्द आत ढकलायची, दादा दोन काढायचे. पहिल्या दिवशी ‘अण्णासाहेबांनी व आक्कासाहेबांनी’ झालं. दुसऱ्या दिवशी ‘अण्णासाहेबांच्या प्रेरणेने’ आलं. मग ‘मार्गदर्शनाखाली’. मी मध्ये एकदा सुचवलं, की ‘अण्णासाहेबांच्या अनुपस्थितीत’ लिहा, ते तरी निर्विवाद आहे. दोघांनीही माझ्याकडे दुर्लक्ष केलं. शेवटी ठरलं: ‘अण्णासाहेबांच्या प्रेरणेने श्रीमती विमलादेवी थोरबोले यांनी या मशीनवर टोप्या शिवल्या.’ ‘हजारो’ गेलं. त्याची भरपाई म्हणून दादांनी आईसाहेबांचा एक फोटो लावायला मान्यता दिली, फक्त त्यात अण्णा पुढे असावेत.

रुबीना जिंकली होती. तिने मजकूर पितळी पट्टीवर कोरून घेतला, ध्वनिमुद्रणाची पेटी आणली, आणि आम्ही आक्कासाहेबांच्या पुढ्यात उभे राहिलो. त्या नेहमीप्रमाणे मशीनवर होत्या. कपाटातल्या साध्या शाली संपत आल्या होत्या.

रुबीनाने पट्टी वाचून दाखवली. वाचताना तिचा आवाज थोडा कापला. मीही उगाच हात जोडून उभा राहिलो. शिकलेल्या माणसाला स्वतःच्या चांगुलपणाने असं होतं.

“इमलादेवी कोण?” आक्कासाहेब म्हणाल्या.

“तुम्हीच.”

“ते लग्नातलं. माझं नाव हौसा.”

“बदलून घेऊ!” रुबीना म्हणाली. “हौसाबाई लिहू. आणि हे बघा, इथे बटण असेल. लोक बटण दाबतील, की तुमचा आवाज येईल. तुमची गोष्ट तुमच्या तोंडून.”

“मी जित्ती हाय की. मला कशाला दाबायचं?”

“म्हणजे... नंतरही...”

“बरं. नंतर दाबा. आन् मशीन?”

“मशीन इथे, मधोमध. तुमच्या नावानं.”

आक्कासाहेबांनी पाय थांबवला. चाक स्वतःशीच थोडं फिरलं आणि थांबलं.

“पोरी,” त्या म्हणाल्या, “आधी माझं मशीन त्यांच्या नावानं तुमच्याकडं होतं. आता माझ्या नावानं तुमच्याकडं ऱ्हाणार. मला काय मिळालं?”

रुबीनाने पितळी पट्टी पाठीमागे नेली.

“नाव ठिवा तुमच्यापाशी,” आक्कासाहेब म्हणाल्या. “पायजे तर त्यांचंच ठिवा, मला काय त्याचं? टोप्या त्यांनी शिवल्या म्हना, अंगरखे शिवले म्हना, इमान शिवलं म्हना. मशीन माझं मला द्या. दिवाळीच्या आत.”

“दिवाळीच्या आत का?” मी विचारलं.

“लेखक हाईसा न्हवं? मग सगळंच कशाला इचारता?” एवढं बोलून त्यांनी पुढचा अभ्रा घेतला.

परत दादांकडे. दादांनी हात जोडले. “मॅडम, मशीन आता दालनाच्या ट्रस्टच्या मालमत्तेत गेलं. मी मनात आणलं तरी देता येत नाही. मंत्री येणारेत उद्घाटनाला. मधोमध काय ठेवू, मला ठेवू?” आणि मग, सहज बोलल्यासारखं: “तुमची नेमणुकीची ऑर्डर मी टाइप करायला सांगितलीय हं. सही तेवढी राहिलीय.”

परत टिपणीस मॅडमकडे. मॅडमनी चष्मा पुसला. संग्रहातून एखादी वस्तू बाहेर काढणं हे फार गंभीर पाऊल असतं, त्या म्हणाल्या. समिती लागते. धोरण लागतं. आधी वस्तूचं मूल्यमापन. शिवाय पायंडा पडतो. “उद्या सगळेच आपापल्या वस्तू परत मागायला लागले, तर संग्रहालयात उरेल काय?”

“फायबरचे गरुड,” मी म्हणालो.

बाहेर आल्यावर रुबीनाने सायकलस्टँडला लाथ मारली. “तीन प्रश्न, काका! कोणाची, कशी, कोणाला बोलू दिलं नाही. वर्षभर घोकून घेतले. चौथा कोणीच शिकवला नाही. परत कधी करायची?”

“लाथ मारू नकोस. नोकरी लागायचीय तुला.”

“तेच ना.”

मी तिला पुढे काही सांगितलं नाही, कारण मला जे सुचलं होतं ते तिला माहीत नसणंच तिच्या नोकरीला बरं होतं.

सुचलं कसं, ते सांगतो. वर्तमानपत्रात असताना मी मंत्र्यांचे शेकडो कार्यक्रम पाहिलेत. मंत्री भाषण विसरतो, गावाचं नाव चुकतो, हयात माणसाला श्रद्धांजली वाहतो. पण एक गोष्ट कधी चुकत नाही. त्याच्यासमोर शिलाई मशीन आणि लुगडं नेसलेली बाई आली, की त्याचा देह आपोआप पुढचं सगळं करतो. महिला सबलीकरण असो, वाढदिवस असो, पूर असो, शेवटी मशीनवाटप असतंच. ज्यांचं उद्घाटन ठरलं होतं ते मंत्री तर तालुक्यातालुक्यांत मशीनं वाटत फिरत होते, आणि आमच्याकडेही तसाच एक कार्यक्रम आटोपून येणार होते.

मी दादांना भेटलो. मंत्रिमहोदयांचे गुडघे दुखतात, दालन वरच्या मजल्यावर, जिना उभा. लोकांसमोर धापा टाकत मंत्री वर गेले तर फोटो कसा येईल, अशी काळजी व्यक्त केली. त्यापेक्षा दालनाचं प्रतीक म्हणून मशीनच खाली मंचावर आणावं, मंत्र्यांनी त्याला हार घालावा, झालं उद्घाटन. दादांना हे फार आवडलं. सूत्रसंचालन तुम्हीच करा, म्हणाले. तुम्ही विनोदी बोलता, लोक बसून राहतात.

कार्यक्रमाच्या सकाळी मी मंचावर गेलो, तर मशीन आधीच आणून ठेवलेलं होतं. त्याच्या चाकाला कोणीतरी लाल रिबिनीचं मोठं फूल बांधलं होतं. सरकारी मशीनांना बांधतात, हुबेहूब तसं. ‘हात लावू नये’ची पाटी काढून टाकली होती. आणि मंडपामागे, खुर्च्या आणणाऱ्या मंडपवाल्याचा टेम्पो रिकामा उभा होता, तोंड रस्त्याकडे करून.

रुबीना फुलदाणी सरळ करत होती.

“रिबीन छान आहे,” मी म्हणालो.

“हो ना? कोणी बांधली कोण जाणे,” ती म्हणाली, आणि दुसरी फुलदाणी सरळ करायला गेली.

मंत्री आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. उशीर झाला म्हणून त्यांनी माफी मागितली नाही, पण गावकऱ्यांच्या संयमाचं कौतुक केलं. स्वागत झालं. शाली झाल्या. नारळ झाले. फायबरचा आणखी एक गरुड झाला. हार मशीनला घालून उद्घाटन झालं. दादांनी टोप्यांची गोष्ट सांगितली आणि ‘प्रेरणेने’ हा शब्द इतक्या झटकन उच्चारला की तो माशीसारखा कानाजवळून गेला. पुढच्या रांगेत आक्कासाहेब बसल्या होत्या. दादांनी त्यांना मंचावर खुर्ची ठेवली नव्हती, गर्दी फार म्हणून.

कार्यक्रमपत्रिकेत पुढे मंत्र्यांचं भाषण होतं. मी माइक हातात घेतला.

“यानंतर,” मी अगदी सपाट आवाजात म्हणालो, “मंत्रिमहोदयांच्या शुभहस्ते श्रीमती हौसाबाई थोरबोले यांना शिलाई मशीनचं वाटप होईल. लाभार्थी भगिनींनी मंचावर यावं.”

आक्कासाहेब उठल्या. लाभार्थी म्हटल्यावर बाकीचे विचारात पडतात. त्या पडल्या नाहीत. पदर खोचून थेट पायऱ्या चढल्या.

आणि मंत्री उठले. मी सांगितलं होतं ना? डोळे अर्धे मिटलेले, पण पाय बरोबर मशीनकडे गेले. उजवा हात मशीनच्या डोक्यावर. डावा भगिनीच्या दिशेने. चेहरा कॅमेऱ्याकडे. फोटोग्राफर एकदम पुढे घुसले. दादा खुर्चीतून अर्धे उठले होते. त्यांचं तोंड काहीतरी बोलण्याच्या आकारात आलं होतं. मंत्र्यांनी त्यांना दंडाला धरून ओढलं.

“या, या, दादा, तुम्हीपण हात लावा. असे लांब कशाला?”

दादांनी हात लावला. मागे फिरायला जागा नव्हती. टाळ्या सुरू झाल्या होत्या. चार फोटो झाले. मंत्री म्हणाले, अजून एक घ्या.

मग मंत्र्यांनी माइक घेतला. “या मशीनमुळे आमच्या या भगिनी,” ते ऐंशी वर्षांच्या, चेअरमनच्या मातोश्रींकडे बघून म्हणाले, “आता स्वतःच्या पायावर उभ्या राहतील. कुणाच्या तोंडाकडे बघायची वेळ यांच्यावर येणार नाही. हे आपल्या शासनाचं वचन आहे!”

टाळ्यांचा कडकडाट. समोरच्या बायका तर उभ्याच राहिल्या. त्यांतल्या काही जणी तोंडाला पदर लावून होत्या. रडत होत्या की हसत होत्या, ते मंचावरून कळत नव्हतं.

“आई, दोन शब्द बोला,” मंत्री म्हणाले.

आक्कासाहेबांनी माइककडे बघितलं. “मिळालं,” त्या म्हणाल्या. “खाली उतरवा आता.”

मंडपवाल्याच्या माणसांनी मशीन टेम्पोत चढवलं तेव्हा मंत्र्यांचं भाषण सुरू झालं होतं. दादा मागच्या बाजूने धावत आले. “आईसाहेब, हे काय चाललंय? झालं ना समाधान? आता ठेवू बंगल्यावर रात्रीपुरतं, आणि उद्या परत वर...”

“सरकारनं दिलंय,” आक्कासाहेब टेम्पोच्या पुढच्या सीटवरून म्हणाल्या. “चार लोकांत दिलंय, तूबी हात लावलायस. इधवा बाईचं मशीन काढून घेतलंस म्हनून पेपरात आलं, तर निवडून येशील का रं?”

दादांनी माझ्याकडे बघितलं. मग रुबीनाकडे बघितलं. खिशातून एक घडी घातलेला कागद काढला, तिच्यासमोर चार तुकडे केले आणि मंचाकडे गेले.

“सही झाली होती का हो त्याच्यावर?” रुबीनाने मला विचारलं.

“दिसली नाही.”

“मग जाऊ दे.” ती टेम्पोत मागे चढली. तिचे डोळे भरले होते, पण चढता चढता तिने वाटेत आलेल्या मंडपवाल्याच्या खुर्च्यांना एक सणसणीत शिवी दिली, म्हणून मी काळजी केली नाही. तिच्यामागोमाग मीही चढलो. मशीन डगमगत होतं, ते दोघांनी दोन बाजूंनी धरलं.

“बंगल्यावर ना?” ड्रायव्हरने विचारलं.

“न्हाई,” आतून आवाज आला. “धावडेवस्तीला घे.”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. धावडेवस्ती नदीपलीकडे, उसाच्या रानांत.

रुबीनाने पुढच्या खिडकीला तोंड लावलं. “आक्कासाहेब, तिकडे कोण आहे?”

“माझा भाऊ होता. ज्ञानू. बाजारात झाडाखाली बसून कपडे शिवायचा. त्याचं मशीन हे.”

मॅडमचे तीन प्रश्न. पहिला आम्ही विचारला होता आणि तिसऱ्यावर तर पितळी पट्टी कोरून घेतली होती. मधला, ही वस्तू इथे कशी आली, हा दोघांनाही सुचला नव्हता. पीडित बाई सापडल्यावर आमचं संशोधन तिथेच थांबलं होतं.

टेम्पो खड्ड्यांतून चालला होता आणि आक्कासाहेब पुढे बघून, इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून सांगत होत्या. “हे तुरुंगात होते. भाऊबीजंला ज्ञानू आला. माझ्या ताटात काय घालणार, त्याच्यापाशी काय नव्हतं. आमची चूल बघितली आन् काय न बोलता गेला. दुसऱ्या दिवशी बैलगाडीत घालून हे घिऊन आला. म्हनला, आक्का, ही ओवाळणी. दाजी सुटले की परत दे.”

“मग तो काय शिवणार?”

“दुसऱ्याच्या दुकानात काज-बटणं करत बसला. हे सुटले. मोठे झाले. ज्ञानू आला मागायला. पण तवर ह्यांनी भाषणात टोप्यांचं सांगून टाकलं होतं. मशीनला हार पडायला लागले होते. मी कशी देणार? नवऱ्याचं भाषण खोटं पडलं असतं.”

“काय सांगितलंत त्यांना?”

“म्हनलं, ज्ञानू, आता हे थोरबोल्यांचं हाय. उचलून न्ह्यायची वस्तू न्हाई ही. तुला दुसरं घिऊन देते.” त्या थांबल्या. “त्यानं दुसरं घेतलं न्हाई. आन् मग भाऊबीजंलाबी आला न्हाई. मरंपतूर.”

टेम्पो नदीचा पूल ओलांडून उसाच्या रानांत शिरला.

“भावजय हाय अजून,” त्या म्हणाल्या. “पण आता लई दिवस काढायची न्हाई.”

ज्ञानूचं घर म्हणजे पत्र्याची दोन खोल्यांची वस्ती. दारात एक वाळलेली, ताठ म्हातारी उसाचं पाचट बांधत होती. टेम्पो थांबला. तिने मान वर केली, आक्कासाहेबांना बघितलं, मागचं मशीन बघितलं, आणि परत पाचटाकडे वळली.

“आलीस?” ती म्हणाली. “एवढी काय घाई होती?”

“दिवाळीच्या आत आणायचं होतं.”

“कुठल्या दिवाळीच्या?”

चेअरमनच्या मातोश्री, मंत्र्यांसमोर एका शब्दात काम संपवणारी बाई, खाली मान घालून पायरीपाशी उभी राहिली. आम्ही मशीन उतरवून अंगणात ठेवलं. म्हातारी आली, चाकाला एक झटका दिला, कान लावून ऐकलं.

“तेल घालत होतीस का?”

“घालत होते.”

“न्हाई घातलंस. रिबीन तेवढी घातलीस.”

आक्कासाहेब पायरीवर पाय ठेवायला गेल्या.

“थांब तिथंच,” भावजय म्हणाली, आणि आत निघून गेली.

रुबीनाने माझी बाही धरली. आक्कासाहेब उंबऱ्याबाहेर होत्या तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं, दार लागणार. आतून भांड्याचा आवाज आला. मग भावजय बाहेर आली. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. तिने तो तुकडा आक्कासाहेबांवरून ओवाळला, लांब फेकून दिला, आणि त्यांच्या पायांवर पाणी ओतलं. बाळंतपणाला माहेरी आलेल्या पोरीसारखं. पाणी ओतताना आक्कासाहेबांनी तिचा दंड धरला होता. तो तिने सोडवून घेतला नाही.

“ये,” ती म्हणाली.

दोघी आत जाताजाता भावजयीचं लक्ष आमच्याकडे गेलं. “ही कोण माणसं?”

“संग्रहालयाची हाईत,” आक्कासाहेब म्हणाल्या. “चांगली हाईत.”

“असतील. पण भाईरच बसू दे त्यांना. काय उचलून न्हेतील, नेम न्हाई.”

आम्ही अंगणात पाचटावर बसलो. चहा कपबशीतून आला, गुळाचा. पिऊन झाल्यावर म्हातारी स्वतः बाहेर आली, दोन्ही कप उचलले, दोन्ही बश्या उचलल्या, आमच्या हातांकडे एकदा नीट बघितलं, आणि मग आत गेली.